साउंडचे बिघडलेले सामान कमी खर्चात कसे दुरुस्त करून घ्यावे

भांडुपच्या एका छोट्या साउंड व्यावसायिकांचा प्रश्न असा आहे. विसर्जन मिरवणुकीत पाऊस आला, सामानावर गुलाल पडला आणि शेवटी जनरेटरनेही दगा दिला. आता त्यांच्या १६ चॅनेलच्या ॲनालॉग मिक्सरचे तीन चॅनेल बंद आहेत आणि फेडर (आवाज कमी-जास्त करण्याच्या सरकपट्ट्या) खरखरतात. दोन टॉपचे (वर ठेवायच्या स्पीकरपेट्यांचे) हॉर्न, म्हणजे तीक्ष्ण आवाजाचे भाग, वाजत नाहीत, १८ इंची बेसमधून घासल्यासारखा आवाज येतो, ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प्लिफायर 'प्रोटेक्ट' दाखवतो, एसएमपीएसचा (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक वीजपुरवठ्याचा) ॲम्प्लिफायर पूर्ण बंद आहे आणि कॉर्डलेस माइकचा आवाज मध्येच तुटतो. एका दुकानाने सगळ्या सामानाचा मिळून जो आकडा सांगितला, त्यात जवळपास दुसरा जुना सेट येईल. घटस्थापना तोंडावर आहे आणि हातात पैसे मोजके आहेत, तर काय करावे?

माझे मत असे आहे की हे सामान या स्थितीत उचलून कोणाच्याही दुकानात नेऊन ठेवू नये. साउंडच्या दुरुस्तीत सुट्या भागांपेक्षा बिघाड शोधण्याचा खर्च अनेकदा मोठा असतो. आपण 'चालत नाही' एवढेच सांगून सात नग पुढे ठेवले, की मेकॅनिकला प्रत्येक नगामागे सर्वांत वाईट शक्यता धरून आकडा सांगावा लागतो. त्याला त्यात दोष देता येत नाही, कारण नग उघडेपर्यंत त्यालाही आत काय दिसेल हे ठाऊक नसते. याउलट 'या टॉपच्या डायफ्रामची (हॉर्नमधल्या पातळ पडद्याची) कॉइल ओपन, म्हणजे तुटलेली, आहे, बाकी सर्व ठीक आहे' असे आपण सांगितले, तर तोच माणूस एका डायफ्रामची किंमत आणि बसवण्याची मजुरी एवढेच मागतो. म्हणून पहिले दोन दिवस घरी किंवा गोडाउनमध्ये घालवावेत. त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. तो हजार रुपयांच्या आत मिळतो आणि तो नसेल, तर आधी तोच घ्यावा.

सुरुवात वायरींपासून करावी. कार्यक्रमानंतर 'बंद पडले' म्हणून बाजूला काढलेल्या सामानात प्रत्यक्षात वायर तुटलेली किंवा पिन सैल झालेली असणे ही नेहमीची गोष्ट आहे. माइकच्या एक्सएलआर वायरीत १ क्रमांकाची पिन शील्डची आणि २ व ३ क्रमांकाच्या पिना सिग्नलच्या असतात. मीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकांच्या एकाच क्रमांकाच्या पिना जोडलेल्या आहेत का आणि वेगवेगळ्या क्रमांकांच्या पिना एकमेकींना लागत नाहीत ना, हे पाहावे. मोजताना वायर कनेक्टरजवळ हलवत राहावी, कारण तुटलेली तार बहुतेक वेळा तिथेच असते. तिथून दोन-तीन इंच कापून नवे सोल्डरिंग करणे हे काम स्वतः शिकून घेण्यासारखे आहे. स्पीकरच्या वायरी आणि स्पीकॉन पिनाही अशाच तपासाव्यात. त्यानंतर अदलाबदल करून पाहावे: चालू टॉपची वायर बंद टॉपला, चालू चॅनेलचा माइक बंद चॅनेलला. बिघाड वायरीबरोबर सरकतो की नगाबरोबर राहतो, हे यातून कळते. मात्र पावसात भिजलेला कोणताही नग या तपासणीसाठीसुद्धा चालू करायचा नाही.

आता भिजलेल्या मिक्सरकडे येऊ. भिजलेले सामान 'चालते का बघू' म्हणून चालू करणे हा सर्वांत महाग पडणारा प्रयोग आहे. पाण्याने आपोआप फारसे जळत नाही. पाणी असताना वीज दिली की तांब्याच्या रेषा गंजून खाल्ल्या जातात आणि शॉर्ट झालेले आयसी जळतात. तेव्हा वीज बंद, वायरी काढलेल्या, बाहेर अडॉप्टर असेल तर तोही वेगळा, असे करून मिक्सरचे स्क्रू काढून तो उघडावा. प्रत्येक पट्टीवायर काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा. गुलाल आधी मऊ ब्रशने कोरडाच झाडावा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. ब्लोअरने आत फुंकला, तर तो फेडरच्या फटीत आणखी खोल जातो. त्यानंतर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला लावून बोर्ड धुवावा आणि नग उघडाच ठेवून पंख्याखाली दोन-तीन दिवस पूर्ण सुकू द्यावा. हे द्रव पेट घेते, म्हणून काम खिडकीशी, हवेशीर जागी करावे. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नये, प्लॅस्टिकचे भाग वाकतात. गोडाउनमध्ये साचलेले पाणी शिरले असेल, तर त्या पाण्यात माती, मीठ आणि गटाराची घाण असते. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर मुंबईत असंख्य तळमजल्यांवरचे सामान असे खराब झाले होते. अशा वेळी नुसते सुकवून काहीही साध्य होत नाही, बोर्ड धुवावाच लागतो.

सुकल्यावरही तीन चॅनेल बंदच राहिले, तरी घाबरण्याचे कारण नाही. ॲनालॉग मिक्सरमध्ये आतल्या पट्टीवायरींचे कनेक्टर दमट हवेने काळे पडतात. ते काढून, साफ करून पुन्हा घट्ट बसवल्यावर चॅनेल परत आल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या बाकावर सतत दिसतात. खरखरणाऱ्या फेडरसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा, तोही फेडरसाठी चालेल असा आणि थोडाच. गंज सोडवण्यासाठी मिळणारे तेलकट स्प्रे फेडरमध्ये मारू नयेत. त्या दिवशी फेडर गुळगुळीत होतो, पण तेलाला धूळ चिकटते आणि काही आठवड्यांत खरखर दुप्पट होऊन परत येते. एवढे करूनही चॅनेल बंद असेल, तर बहुधा माइक प्रीॲम्पचा (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाचा) आयसी किंवा इनपुटचा जॅक गेलेला असतो. ४५५८, टीएल०७२, ५५३२ यांसारखे आयसी स्वस्त आणि सहज मिळणारे आहेत, खर्च होतो तो मेकॅनिकच्या वेळेचा. आणि एखादा चॅनेल अगदीच हट्टाला पेटला, तर त्यावर टेप लावून उरलेले चॅनेल वापरण्यात कमीपणा मानू नये. भजनी मंडळाला किंवा छोट्या ऑर्केस्ट्राला १३ चॅनेल पुरतात.

टॉपचे हॉर्न वाजत नाहीत, ही तक्रार ऐकायला मोठी वाटते, पण निदानाला सोपी आहे. मागची पाटी किंवा पुढची जाळी काढून कम्प्रेशन ड्रायव्हरच्या (हॉर्नमागच्या, डायफ्राम असलेल्या भागाच्या) दोन वायरी सोडवाव्यात आणि मीटर ओहमवर ठेवून ड्रायव्हरच्या टोकांवर लावावा. ८ ओहमच्या ड्रायव्हरवर साधारण ५ ते ७ ओहम दिसायला हवेत. मीटरने काहीच दाखवले नाही, म्हणजे कॉइल ओपन आहे. पण डायफ्राम मागवण्यापूर्वी ड्रायव्हरचे मागचे झाकण उघडून नीट पाहावे. कॉइलपासून टर्मिनलपर्यंत येणारी पातळ पट्टी पुष्कळदा टर्मिनलजवळच तुटलेली असते आणि काही डायफ्राममध्ये ती काळजीपूर्वक पुन्हा जोडता येते. ड्रायव्हर बरोबर मोजला जात असेल, तर दोष क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे बास आणि तीक्ष्ण आवाज वेगळे करणाऱ्या सर्किटमध्ये आहे. अनेक कॅबिनेटच्या क्रॉसओव्हरवर हॉर्नच्या रक्षणासाठी एक छोटा दिवा लावलेला असतो. हॉर्नला जास्त पॉवर गेली की तो पेटतो आणि अति झाले की उडतो. असा दिवा उडालेला असताना डायफ्राम बदलून घेतल्यास पैसे जातात आणि हॉर्न तसाच मुका राहतो.

डायफ्राम खरोखर जळाला असेल, तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, जुना डायफ्राम हातात घेऊन दुकानात जावे. कॉइलचा व्यास ३४, ४४ किंवा ७५ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या मापांचा असतो, आणि माप जुळले तरी बसवण्याच्या खुंट्या किंवा टर्मिनलची बाजू वेगळी निघते. दुसरी, बाजारातला 'कम्पॅटिबल' डायफ्राम मूळ डायफ्रामपेक्षा खूप स्वस्त असतो, पण त्याचा आवाज मूळच्यासारखा असेलच असे नाही. म्हणून दोन्ही टॉपमध्ये एकाच बनावटीचे डायफ्राम घालावेत, नाहीतर डावी बाजू तीक्ष्ण आणि उजवी मंद वाजते आणि तो फरक इक्वलायझरने कधीच पूर्ण भरून निघत नाही. बसवताना चुंबकाच्या फटीत जळालेल्या कॉइलची राख उरलेली असते. ती मास्किंग टेपची पट्टी फटीत फिरवून काढावी लागते. हे काम मेकॅनिक करत असेल, तर त्याने फट साफ केली का, हे अवश्य विचारावे.

दोन्ही हॉर्न एकाच रात्री जळाले, याचा अर्थ मूळ कारण हॉर्नमध्ये नाही. एक तर ॲम्प्लिफायरची क्लिपची (आवाज मर्यादेपुढे गेल्याची) लाल बत्ती सतत पेटत होती किंवा माइकची शिट्टी लांबली होती. ते कारण राहू दिले, तर नवे डायफ्राम नवरात्रात पुन्हा जळतील. गेन कमी ठेवणे, लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ न देणारे साधन) लावणे आणि हॉर्नच्या खालची वारंवारता क्रॉसओव्हरने नीट कापलेली असणे, या तीन गोष्टी दुरुस्तीइतक्याच आवश्यक आहेत आणि त्यांना फारसा खर्च येत नाही.

बेसच्या घासण्याच्या आवाजातही आधी स्वस्त शक्यता संपवाव्यात. जाळीचा सैल स्क्रू, पेटीचा उकललेला सांधा, कोनवर आपटणारी लीड वायर, या सगळ्यांचा आवाज कॉइल घासल्यासारखाच येतो. त्या नाहीत अशी खात्री झाली, की स्पीकर बाहेर काढून सपाट ठेवावा, दोन्ही हातांची बोटे कोनवर समान अंतरावर ठेवून तो हलकेच, सरळ खाली दाबावा आणि कान जवळ नेऊन ऐकावे. कोन निःशब्द खालीवर होत असेल, तर कॉइल मध्यावर आहे. 'खर्र' असा आवाज आला, तर कॉइल फटीला घासते. कागदी कोन भिजून फुगतो, स्पायडरचा (कॉइल मध्यावर धरणाऱ्या लवचीक चकतीचा) डिंक सुटतो आणि कॉइल एका बाजूला झुकते, हे पावसानंतरचे नेहमीचे कारण आहे. जळका वास येत असेल आणि ओहम फारच कमी किंवा शून्याकडे दिसत असतील, तर कॉइल जळालेली आहे.

इथे रिकोनिंगचा, म्हणजे कोन, स्पायडर आणि कॉइल नवे बसवण्याचा निर्णय येतो आणि तो घाईने घेऊ नये. कंपनीच्या मूळ किटने केलेले रिकोनिंग स्पीकरला जवळपास नव्यासारखे करते, पण महाग असते. स्थानिक किटमध्ये कोन, स्पायडर आणि कॉइल बाजारातल्या भागांतून जमवलेले असतात. स्पीकर वाजतो, मात्र कोनचे वजन आणि सस्पेन्शनचा ताठपणा बदलल्यामुळे त्याचा बास मूळच्यासारखा राहत नाही, आणि त्याच पेटीत तो पूर्वीइतकी पॉवर सोसेल असे गृहीत धरता येत नाही. माझे मत असे आहे की मध्यम किमतीच्या देशी स्पीकरला चांगल्या कारागिराचे स्थानिक रिकोनिंग योग्य आहे, पण महागड्या आयात स्पीकरला मूळ किटच घ्यावे, आणि ते परवडत नसेल, तर पैसे साठेपर्यंत तो स्पीकर तसाच ठेवावा. कारागिराला कॉइल कशावर गुंडाळलेली आहे हे विचारावे. कापटॉन किंवा ग्लास फायबरचा फॉर्मर (कॉइल गुंडाळायची नळी) उष्णता सोसतो, साधा कागदी फॉर्मर १८ इंची बेससाठी उपयोगाचा नाही. डिंक पूर्ण वाळण्यासाठी निदान एक दिवस द्यावा आणि पहिल्या दिवशी हळू वाजवावे. स्पीकर परत आल्यावर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा: सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावल्यावर कोन जोडीच्या दुसऱ्या बेससारखाच त्याच दिशेने हलला पाहिजे. उलट हलला, तर दोन बेस एकमेकांचा आवाज मारतात आणि दुरुस्तीनंतर बास कमी का झाला, हे कोणाला कळत नाही.

ॲम्प्लिफायरमधला 'प्रोटेक्ट' हा पुष्कळदा ॲम्प्लिफायरचा दोष नसतो. नग कोरडा असल्याची खात्री करून सर्व स्पीकर वायरी काढाव्यात आणि तो रिकामा चालू करावा. बत्ती विझली, तर शॉर्ट वायरीत किंवा स्पीकरमध्ये आहे आणि ॲम्प्लिफायर दुकानात नेण्याची गरजच नाही. बत्ती तशीच राहिली, तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेले असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्याकडच्या असंख्य ॲम्प्लिफायरमध्ये ५२०० आणि १९४३ या क्रमांकांची जोडी असते. हे मूळचे तोशिबाचे ट्रान्झिस्टर असून प्रत्येक नग २३० व्होल्ट आणि १५ अँपिअर सोसेल असा बनवलेला असतो. बाजारात मात्र याच क्रमांकांचा नकली माल भरपूर आहे. आतली चिप लहान असल्याने तो टेबलावर चालतो आणि पहिल्या जोरदार कार्यक्रमात शॉर्ट होतो, आणि कधी कधी बेसची कॉइलही सोबत नेतो. म्हणून या एका बाबतीत स्वस्त शोधू नये. पक्के बिल देणाऱ्या आणि कंपनीचा माल ठेवणाऱ्या दुकानातून ट्रान्झिस्टर घ्यावेत, हवे तर स्वतः घेऊन मेकॅनिकला द्यावेत. एकाच चॅनेलमधला एकच ट्रान्झिस्टर शॉर्ट असला, तरी त्या चॅनेलची पूर्ण रांग बदलणे, एमिटरचे रेझिस्टर आणि ड्रायव्हर ट्रान्झिस्टर तपासणे आणि बायस पुन्हा मोजणे हेच शेवटी स्वस्त पडते.

अशी दुरुस्ती झाल्यावर पहिल्यांदा वीज सिरीज बल्बमधून दिली पाहिजे. मेनच्या वाटेत १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब असेल आणि ॲम्प्लिफायरमध्ये अजून शॉर्ट असेल, तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि नवे ट्रान्झिस्टर वाचतात. सर्व ठीक असेल, तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. ज्या मेकॅनिकच्या बाकावर हा बल्ब लटकलेला दिसतो, त्याच्याकडे काम देण्यास माझी हरकत नसते. ॲम्प्लिफायर परत घेताना स्पीकर लावण्यापूर्वी आउटपुटवर डीसी व्होल्टेज मोजायला सांगावे. ते काही मिलिव्होल्ट एवढेच असावे. तिथे कित्येक व्होल्ट डीसी असेल, तर तो ॲम्प्लिफायर आपला स्पीकर जाळणार आहे.

एसएमपीएसचा पूर्ण बंद पडलेला ॲम्प्लिफायर बहुधा जनरेटरमुळे गेला आहे. तीन फेजच्या जनरेटरची किंवा मंडपाच्या जोडणीची न्यूट्रल सुटली, की २३० व्होल्टच्या सामानावर ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. अशा वेळी आतला व्हॅरिस्टर स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि पुढचे सर्किट वाचवतो. तो त्यासाठीच असतो. त्यामुळे 'एसएमपीएस गेला, पूर्ण बोर्ड बदलावा लागेल' हे लगेच मान्य करू नये. फ्यूज, व्हॅरिस्टर, ब्रिज, मोठे कॅपॅसिटर आणि स्विचिंग मॉसफेट या क्रमाने तपासून अनेक बोर्ड थोड्या खर्चात उभे राहतात. हा नग मात्र स्वतः उघडू नये. त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३०० व्होल्टहून अधिक डीसी असतो, आणि तो वीज काढल्यावरही काही काळ टिकतो. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी तार कधीही टाकू नये. असे केले, तर दोनशे रुपयांत निपटणारा बिघाड पूर्ण बोर्डावर जातो आणि आगीचा धोका वेगळाच राहतो.

कॉर्डलेसच्या बाबतीत मला वेगळी शंका आहे. आधी सेलच्या जागेतले पत्रे हिरवे पडले आहेत का ते पाहावे आणि ॲन्टेना घट्ट आहेत का ते तपासावे. तेही ठीक असेल आणि सेट जुना असून ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत असेल, तर तो बिघडलेलाच नसेल. २०२२ च्या लिलावात जिओने या पट्ट्यातला हिस्सा घेतला आणि आता त्यावर फाइव्ह-जी सेवा चालते. गर्दीत शेकडो मोबाइल चालू असताना अशा सेटचा आवाज तुटणे स्वाभाविक आहे, आणि कोणतीही दुरुस्ती त्यावर उपाय नाही. सेटच्या मागे लिहिलेली वारंवारता पाहावी. ती साधारण ७०३ ते ८०३ च्या दरम्यान असेल, तर दुरुस्तीवर खर्च करू नये आणि पुढचा सेट त्या पट्ट्याबाहेरचा घ्यावा. तारेच्या माइकचे मात्र तसे नाही. शूरचा एसएम५८ पडून मुका झाला असला, तरी वायरिंग आणि पिन तपासून गरज पडल्यास मूळ कार्ट्रिज (आवाज पकडणारा आतला भाग) बदलता येते आणि माइक वर्षानुवर्षे चालतो. मात्र तो माइक अस्सल असला पाहिजे, नकली एसएम५८ वर कार्ट्रिजचा खर्च करण्यात अर्थ नाही.

आता प्रश्न उरतो कुठे न्यावे हा. वॉरंटीतले सामान, डिजिटल मिक्सर आणि बारीक एसएमडी बोर्डाचे क्लास-डी ॲम्प्लिफायर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातच द्यावेत, कारण त्यांचे बोर्ड, फर्मवेअर आणि आकृत्या तिथेच असतात. ॲनालॉग मिक्सर, ट्रान्सफॉर्मरचे ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि डायफ्राम यांच्यासाठी ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या आजही मुंबईत सर्वांत उपयोगी आहेत. सुटा भाग आणि मेकॅनिक चालत जाण्याच्या अंतरावर असल्याने काम लवकर होते. रविवारी तिथली बहुतांश दुकाने बंद असतात, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस धरावा. आहुजासारख्या देशी कंपन्यांच्या ॲम्प्लिफायरचे भाग आणि ते ओळखणारे हात तर भांडुप, कुर्ला, ठाणे असे घराजवळही मिळतात. जवळचा विश्वासू मेकॅनिक असेल, तर केवळ थोड्या मजुरीसाठी त्याला सोडून दूर जाऊ नये. वर्षभराचे काम त्याच्याकडे असेल, तर अडीअडचणीला तोच रात्री नऊ वाजता दुकान उघडतो.

वाहतुकीवरही पैसे वाचतात. पूर्ण बेसची पेटी टेम्पोत घालण्याची गरज नाही. स्पीकर काढून, कोनवर पुठ्ठा बांधून तो एकट्याने लोकलने दुपारच्या कमी गर्दीत नेता येतो. डायफ्राम तर खिशात मावतो. ॲम्प्लिफायर नेताना त्याचा अचूक मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा आणि मिळाल्यास त्याचे सर्व्हिस मॅन्युअल शोधून सोबत द्यावे. जुन्या अनेक मॉडेलांची आकृती उपलब्ध असते, आणि ती समोर असली की मेकॅनिकचे तास वाचतात.

नग देताना पावतीवर मॉडेल, सीरियल क्रमांक, आपण शोधलेला दोष आणि तपासणीचा खर्च लिहून घ्यावा. तपासणीचे पैसे दुरुस्तीच्या रकमेतून वजा होतील का, हे तेव्हाच ठरवावे. आपल्या संमतीशिवाय ठरलेल्या रकमेपलीकडे काम करू नये आणि काढलेले जुने भाग परत द्यावेत, हेही आधीच सांगावे. जुने भाग मागण्यात अविश्वास नाही. जळालेला ट्रान्झिस्टर किंवा कॉइल पाहिल्यावर बिघाड कशाने झाला ते आपल्यालाही समजते. पैसे देण्यापूर्वी नग दुकानातच निदान अर्धा तास लोडवर वाजवून पाहावा, कारण तापल्यावर येणारे दोष थंड नगात दिसत नाहीत. पक्के बिल घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूची खरेदी वगळलेली असली, तरी केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी स्वतः वस्तू विकत घेऊन वापरणारी व्यक्ती ग्राहकच ठरते. नकली भाग घातल्याचा किंवा नग अडवून ठेवल्याचा वाद झाला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आधी तक्रार नोंदवता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. बिल नसेल, तर यातले काहीच उपयोगी पडत नाही.

सगळेच दुरुस्त करावे असेही नाही. त्याच स्थितीतला जुना नग जेवढ्याला मिळतो, त्याच्या निम्म्याहून अधिक खर्च येत असेल, तर मी सहसा थांबतो. स्वस्त ॲक्टिव्ह स्पीकरचे आतले ॲम्प्लिफायर मॉड्यूल गेले आणि त्याचे भाग मिळत नसतील, तर ते मॉड्यूल काढून, योग्य पॅसिव्ह क्रॉसओव्हर बसवून पेटी बाहेरच्या ॲम्प्लिफायरवर चालवता येते. अनेकांना हा मार्ग सुचत नाही आणि चांगले स्पीकर असलेली पेटी भंगारात जाते. मेलेला मिक्सरही लगेच विकू नये. त्याचे फेडर, नॉब, जॅक आणि ट्रान्सफॉर्मर पुढे त्याच बनावटीच्या दुसऱ्या मिक्सरला उपयोगी पडतात.

आपल्या हातात सध्या पितृपक्ष आहे, आणि कार्यक्रम कमी असले तरी मेकॅनिकांकडे गणपतीत बिघडलेल्या सामानाचा ढीग याच पंधरवड्यात येतो. म्हणून आधी दोन टॉप आणि 'प्रोटेक्ट'चा ॲम्प्लिफायर न्यावा. तेवढ्यावर गरब्याचे छोटे काम उभे राहते. मिक्सर घरी सुकत असेल, एसएमपीएसचा नग घाई नसलेल्या यादीत द्यावा, आणि बेसचे रिकोनिंग पहिल्या कामाचे पैसे आल्यावर करावे. तोपर्यंत एखाद्या ओळखीच्या साउंडवाल्याकडून एक बेस भाड्याने घेणे अर्धवट रिकोनिंगपेक्षा बरे. पुढच्या वर्षी मात्र हेच काम आषाढात करून घ्यावे, तेव्हा मेकॅनिकला वेळ असतो आणि भावही नरम असतो.

दुरुस्त झालेले सामान पहिल्या कार्यक्रमाला नेल्यावर मंडपात जोडण्यापूर्वी मीटर एसी व्होल्टवर ठेवून तीन मोजमापे घ्यावीत. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या जवळ, फेज आणि अर्थिंगमध्येही तितकेच, आणि न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये फार तर काही व्होल्ट यायला हवेत. शेवटचा आकडा मोठा असेल किंवा पहिला २५० च्या पुढे सरकत असेल, तर इलेक्ट्रिशियनला न्यूट्रलचा जोड पुन्हा घट्ट करायला सांगावे आणि तोपर्यंत एकही पिन लावू नये. जास्त व्होल्टेज आल्यावर आपोआप वीज तोडणारे साधन मुख्य बोर्डाला लावून घेतले, तर जनरेटर कोणाचाही असला तरी ॲम्प्लिफायर सुरक्षित राहतात.